बाबांनी दाखवलेला दगड

आमच्या जिन्यावर सगळ्यांत वरच्या मजल्यावर रफूताई राहतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त वीजबिल आणणारा वाचतो. कुणाच्या कोटाला कसर लागली, सिगरेटने भोक पडलं, की तो कोट वर जातो, आणि खाली येतो तेव्हा भोक कुठे होतं हे मालकालाही सापडत नाही. रफूचा दोरा त्या विकत आणत नाहीत. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढून घेतात.

"बाहेरचा धागा कितीही जुळवा बाई, उपराच दिसतो," त्या मला सांगतात. मी निम्म्या गल्लीला शिकवलं आहे, त्यामुळे माझ्याहून वयाने मोठी माणसंही मला बाईच म्हणतात.

दर रविवारी दुपारी रफूताई बसने मोठ्या चर्चच्या चौकात जातात. शाळा सुटल्यावर, म्हणजे माझी कायमची सुटल्यावर, मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. तो चौक लंबगोल आहे. दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा वळत गेल्या आहेत, जणू चर्चने दोन हात पसरले आहेत. एकामागे एक असे चार-चार खांब, वर संतांचे पुतळे, मधोमध एकाच दगडातून कोरलेला उंच स्तंभ आणि त्याच्या दोन्ही अंगांना कारंजी. घुमट लांबून दिसतो. जवळ जावं तसा तो चर्चच्या दर्शनी भिंतीमागे बुडत जातो आणि पायऱ्यांशी पोचेपर्यंत दिसेनासा होतो.

"बाबा म्हणायचे, ही लांबूनच बघायची वस्तू आहे," रफूताई म्हणाल्या. त्यांचे वडील घरं रंगवायचे. आई लवकर गेली, म्हणून रविवारी दोन्ही मुलांना घेऊन ते इथे यायचे. कुणी विचारलं, एवढ्या लांब कशाला, तर सांगायचे, "शहरात ही एकच इमारत आहे, जी बघून मला हातात ब्रश घ्यावासा वाटत नाही."

रफूताईंना चर्चच्या आतलं फारसं काही नको असतं. दाराशी तीर्थाच्या कुंडाला धरून दोन दगडी बाळं आहेत. लांबून तान्ही वाटतात, जवळ गेलं की आपण त्यांच्या खांद्याला लागतो. त्यांच्या गुबगुबीत पायाला हात लावून त्या बाहेर येतात आणि डावीकडच्या कारंज्यापलीकडे फरसबंदीत बसवलेल्या एका गोल दगडावर जाऊन उभ्या राहतात.

त्या दगडाची गंमत अशी, की त्यावरून पाहिलं तर समोरच्या वळणातले मागचे तिन्ही खांब पुढच्याच्या आड लपतात. खांबांचं एवढं जंगल, पण तिथून एकच रांग दिसते. एक पाऊल बाजूला सरकलं की सगळे पुन्हा बाहेर डोकावतात.

"बाबांनी आम्हाला हा दाखवून ठेवला होता. गर्दीत हरवलात तर शोधत फिरायचं नाही. खांब एकामागे एक लपतात तो दगड शोधा आणि त्यावर उभे राहा. शोधायला मी निघेन. सगळेच शोधायला लागले तर कुणीच कुणाला सापडत नाही."

"मग हरवलात कधी?"

"मी कशी हरवेन? धाकटा हरवला." त्या हसल्या. "एका सणाला ही गर्दी होती. बाबांनी मला इथे उभी केली, म्हणाले हलू नकोस, आणि गेले. मी रडून रडून लाल. बऱ्याच वेळाने आले, तर साहेब खांद्यावर. आणि वरून मलाच ऐकवतोय, 'मी दगडावर उभा होतो!' खोटारडा. बाबाही त्याचीच री ओढणार, 'होता बरं, अगदी सांगितल्यासारखा.' धाकटं ना ते. त्याचं खोटंही गोड."

हे त्या हसतच सांगत होत्या, पण इतक्या वर्षांनी 'खोटारडा' हा शब्द किती ताजा होता, ते माझ्या लक्षात आलं. वर्गात अशी भांडणं मी खूप सोडवली आहेत.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आधीच कळलं होतं. धाकटा नोकरीसाठी परदेशी गेला. वडिलांच्या शेवटच्या आजारात त्याला यायला जमलं नाही. रफूताईंनी फोनवर तोंडाला येईल ते ऐकवलं आणि बोलणं तुटलं. काही वर्षांनी मावसभावाने निरोप आणला, की तो येतो आहे, घरी यायचं धाडस नाही, रविवारी बाबांच्या दगडावर उभा राहील. रफूताई नवी साडी नेसून गेल्या. दिवे लागेपर्यंत उभ्या होत्या. तो आला नाही. तेव्हा खिशात फोन नसायचे. घरी येऊन त्यांनी मावसभावाला बजावलं, "त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." त्याने काढलं नाही. बिचारा वारला, तोवर पाळलं त्याने.

आणि तरीही या दर रविवारी इथे. पाय मोकळे करायला, म्हणतात.

मी काही हुशारीने विचारलं नाही. मास्तरकीची खोड, गोष्ट नीट लागली नाही की प्रश्न येतो.

"रफूताई, तो दगडावर उभा होता म्हणाला. पण दगडावर तर तुम्ही होतात."

"तेच तर! म्हणून खोटारडा."

"आणि वडीलही तेच म्हणाले."

"हो."

"ते खोटं बोलायचे?"

 बाबा आणि खोटं हे दोन शब्द त्यांनी कधी शेजारी ठेवलेच नसावेत.

"तिकडे पलीकडे," मी स्तंभाच्या उजव्या बाजूला बोट केलं, "दुसरा दगड आहे ना, तिकडच्या खांबांचा."

"आहे की. मला काय माहीत नाही? तो त्या बाजूचा. आमचा हा."

'आमचा हा' हे आपलेच शब्द त्यांना ऐकू आले. मग चालायला लागल्या. कारंजं ओलांडलं, स्तंभ ओलांडला, दुसरं कारंजं ओलांडलं. माणसं फोटो काढत होती, त्यांच्या मधून सरळ गेल्या. दुसऱ्या दगडावर चढल्या. समोरचे खांब शहाण्या मुलांसारखे एकामागे एक गेले. मग त्यांनी मागे वळून आपल्या दगडाकडे पाहिलं. मध्ये स्तंभ, कारंज्यांचे फवारे, माणसंच माणसं. आणि इथून तिकडचे खांब सगळे अस्ताव्यस्त, कुणाचा कुणाला मेळ नाही.

"इथून कशी दिसेन मी," त्या म्हणाल्या.

फोनमध्ये नंबर होता. मावसभावाच्या बायकोने कधीतरी घालून दिला होता, 'धाकटा' या नावाने. कारंज्याच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. मी दूर सरायला लागले, तर माझा पदर धरून ठेवला.

"हॅलो, कोण?"

"मी दगडावर उभी आहे."

 मग, "ताई?"

"पलीकडच्या. बाबांनी तुला जिथून उचललं त्या."

"पलीकडचा कुठला? एकच तर आहे."

"दोन आहेत, गाढवा."

 मग तो अगदी हळू म्हणाला, "मी दिवे लागेपर्यंत उभा होतो ग."

"मी पण."

"मला वाटलं, तू अजून..."

"मलाही तेच वाटलं." त्यांनी नाक पुसलं. "म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास."

"कधी?"

"बाबांच्या खांद्यावर."

"अगं, ते कधीचं! मी विसरूनही गेलो."

"मी नव्हते विसरले."

तो हसला आणि हसता हसता खोकला. खोकला लवकर थांबेना. मग म्हणाला, "आलो असतो ग ताई. पण आता डॉक्टर घराबाहेर सोडत नाहीत. दोन पायऱ्या चढलो की धाप लागते."

रफूताई समोरच्या खांबांकडे बघत राहिल्या.

"शोधायला निघणारे बाबा होते रे," त्या म्हणाल्या. "ते गेले आणि आपण दोघं नुसते उभे."

"हं."

"तू जागचा हलू नकोस. मी निघते."

"तू? एकटी? बस बदलायची तरी चुकतेस!"

"चुकेन. विचारत विचारत येईन. तू हलू नकोस म्हणजे झालं."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. चौक मागे पडला तसा घुमट पुन्हा वर यायला लागला. एरवी तो दिसेनासा होईपर्यंत त्या मान वळवून बघतात. त्या दिवशी एकदाही बघितला नाही. मांडीवर हात ठेवून, अंगठ्याने बोटांची टोकं चाचपत होत्या, कापड जोखतात तशी.

"त्याचा आवाज म्हातारा झालाय, नाही?" त्या म्हणाल्या. "मी आपली त्याला तेवढाच धरून बसले होते."

 दोन थांबे गेले.

"बाबांचा जाड कोट आहे माझ्याकडे. कोपरात विरलाय, पण धागा निघेल त्याच्यातलाच." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तिकडे थंडी कितपत असेल हो?"