संध्याकाळच्या गोळ्या

माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला राग आला. पोटाला मी कधी वाईट दिलं नाही. घरचा भात, घरची भाजी. दारू तर पोरांच्या लग्नातही चाखली नाही. पण रागावून गाठ जात नाही. नागपूरच्या एका दवाखान्यात आतड्याचा तेवढा तुकडा कापून टाकला, आणि दोन महिन्यांत मी पुन्हा शेताच्या धुऱ्यावर उभा राहून लोकांना कामं सांगून राहिलो होतो. मग तपासणीत लिव्हरवर दोन ठिपके दिसले. आतड्यातल्याच पेशी तिकडे जाऊन बसल्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता केमो.

केमो म्हणजे हाताला बाटली लावतात एवढंच मला माहीत होतं. बाटली होतीच, तीन आठवड्यांतून एकदा. सोबत गोळ्या होत्या. सकाळी जेवणावर चार, संध्याकाळी जेवणावर चार. चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस थांबायचं, ही एक खेप. डॉक्टरीणबाईंनी सुनेला समजावून सांगितलं, की तळहात-तळपायाची कातडी लाल होईल, सोलेल, जास्त झालं तर फोन करा, मनानं काही करू नका. शेवटचं त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

सून म्हणाली, "मॅडम, मामाजी सगळं मनानंच करतात."

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अंगाला. डोक्यावरून शिकाऊ विमानं घरघरत असतात आणि खाली बांध्यांत, धुऱ्यांच्या आतल्या चिखलात, धान. रोवणीची पहिली मूठ घरच्या धन्यानं लावायची ही आमची रीत. मी तर पहिली मूठ लावून बाजूला होणारा माणूस नाही. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या वाहायच्या, बायांपुढे फेकायच्या, कोणाची ओळ वाकडी गेली तर बोलायचं. शाळा मी चौथीपर्यंत केली, तिसरी दोनदा. मला लोक ओळखतात ते चिखलातल्या कामावरून.

पहिल्या चौदा दिवसांतच तळपाय पेटले. चिखलात पाय घातला आणि निखाऱ्यावर ठेवल्यासारखा बाहेर काढला. खत पडलेलं पाणी होतं, ते भेगांत शिरलं. रोवणाऱ्या बाया बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "बाबाजी, तुमी घरीच राहा ना. आमी का धान रोवू नाही शकत?"

ते मला लागलं. त्या दिवसापासून संध्याकाळच्या गोळ्या मी बंद केल्या. सून वाटीत ठेवून म्हशीकडे जायची, मी त्या बियाण्याच्या जुन्या डब्यात टाकायचो. माझा हिशेब सरळ होता. अर्धं काम औषध करेल, अर्धं माझं अंग करेल. दुसऱ्या खेपेला पाय बरे झाले. मी चिखलात उतरलो, पेंड्या फेकल्या, आणि त्या बाईची ओळ वाकडी आहे हे तिला दोनदा सांगितलं.

दसऱ्याच्या सुमारास धानावर तुडतुडा आला. हा किडा धानाच्या बुडाशी बसून रस पितो आणि उभी बांधी वाळवतो. शेजाऱ्यानं फवारणी केली तरी तुडतुडा होताच. मी त्याच्या पंपात बघितलं. पाणी जास्त, औषध कमी.

"काय गा, दवाई आहे का तीर्थ?" मी चारचौघांत म्हणालो. "अशानं मरतीन ते कवळे. जे वाचतीन ते पक्के होतीन, आणि त्यायचेच पोरं पसरतीन. मंग डबल मारशीन तरी आयकनार नाहीत."

"तुमाले लय समजते," तो म्हणाला.

"समजते म्हणून सांगून राहिलो."

हे बोललो तेव्हा आदल्या संध्याकाळच्या चार गोळ्या डब्यात पडलेल्या होत्या.

दिवाळीच्या आधी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी आधी माझे हात हातात घेऊन उलटसुलट बघितले. "बाबा, एवढ्या गोळ्यांवर असे हात फार कमी लोकांचे राहतात."

"शेतकऱ्याचे हात आहेत," मी म्हणालो. छाती फुगली होती.

मग त्यांनी फोटो उजेडावर लावला. ठिपके वाढले होते. दोन्ही.

"पेशींनी औषधाला दाद दिली नाही," त्या सुनेला म्हणाल्या. "हे औषध बंद करू. दुसरं आहे, पण ते जास्त कडक आहे, आणि बाबांचं वय बघता किती झेपेल सांगता येत नाही. आपल्याकडे औषधं ढीगभर नसतात. एक बाद केलं की पुढचं एकच उरतं."

त्यांनी पेन उचललं. मी सुनेकडे बघितलं. बारावी शिकलेली पोरगी, माझ्या तपासण्यांची फाइल छातीशी धरून बसली होती. मी गप्प राहिलो असतो तर कोणाला कधीच कळलं नसतं. औषध खोटं ठरलं असतं आणि मी खरा राहिलो असतो. एवढा एक विचार मनात आला, तो लपवत नाही.

"लिहू नका मॅडम," मी म्हणालो. "दवाईचा गुन्हा नाही."

"म्हणजे?"

"संध्याकाळच्या मी घेतल्याच नाही. रोवणीपासून."

सून म्हणाली, "मी रोज वाटीत ठेवून जात होती ना, मामाजी."

"तू म्हशीकडे जाय, तवा मी डब्यात टाको."

"काऊन?"

"चिखलात पाय ठेवता आला पायजे म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "या पेशींनी औषधाचं ऐकावं म्हणून लोक प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपतात, बाबा. कमी औषधात नरम पेशी मरतात आणि चिवट उरतात. तुम्ही कदाचित त्यांना न ऐकायलाच शिकवलं."

हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी शेजाऱ्याला फुकट शिकवलं होतं.

"पण पूर्ण मात्रा तुम्हाला मिळालीच नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून औषध बाद झालं असंही मी म्हणणार नाही. आता ऐकतील का, माहीत नाही. आणखी तीन खेपा पूर्ण देऊन बघू."

परतीच्या गाडीत तुमसर येईपर्यंत सून फाइलीतले कागद लावत बसली. मग जेवणाचा डबा उघडला, मला पोळी खायला लावली, आणि चार गोळ्या हातावर ठेवल्या. मी गिळल्या.

"जीभ दाखवा."

"लोक बघून राहिले."

"बघू द्या. शेजारच्या काकाजीले तुडतुड्यावरून बोलले होते ना तुमी, अख्ख्या गावासमोर?"

मी जीभ दाखवली. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, "बाबाजी को क्या हुआ है?"

"अक्ल आ रही है," सून म्हणाली. "दवाई के साथ."

तीन खेपा पूर्ण झाल्या. तळहात भाजलेल्या वांग्यासारखे सोलले. शर्टाची बटणं सून लावायची, घास माझी म्हातारी भरवायची. पहिल्या घासाला ती म्हणाली, "लग्नात घास देल्ला तं तोंड फिरवलं होतं तुमी. आता बसा उपाशी." आणि भरवला. फोन करू का म्हणून सून रोज विचारायची. मी रोज नाही म्हणायचो. दुखणं अंगावर काढलं तर फेड होते, असं मला वाटत होतं.

संक्रांतीनंतर फोटो निघाला. मोठा ठिपका थोडा आखडला होता. लहान तेवढाच होता. म्हणजे काही पेशी ऐकत होत्या, काही नाही. डॉक्टरीणबाई हसल्या, पण माझे हात बघून लगेच थांबल्या.

"फोन का केला नाही? गोळ्या कमी करते."

"एक बी कमी करू नका," मी म्हणालो. "मी सोसतो."

"सोसायचा प्रश्न नाही. ही कातडी चिघळली तर औषध पूर्ण थांबवावं लागेल, आणि मग त्यांना मोकळं रान. मागच्या वेळी तुम्ही कमी केल्या, या वेळी मी करते आहे."

मी बराच वेळ वाद घातला. सून एकदाही माझ्या बाजूनं बोलली नाही. शेवटी चाराच्या तीन झाल्या, दोन्ही वेळच्या.

मला ते अजून नीट पचत नाही. तेव्हाही कमी, आताही कमी. पण तेव्हा मी एकटाच जाणत होतो, आणि माझ्या भरवशावर ती डॉक्टरीण अंधारात औषध देत होती. आता ती बघून देते. होळीच्या आधी पुन्हा फोटो आहे. लहान ठिपका ऐकेल का, ते तिलाही सांगता येत नाही. तिनं तसं तोंडावर सांगितलं, आणि मीही आता तिला सगळं सांगतो, पायाच्या भेगेपासून. संध्याकाळ झाली की सून वाटी घेऊन येते आणि समोर उभी राहते. मी तीन गोळ्या गिळतो, आणि ती सांगायच्या आधी तोंड उघडतो.