भर दुपारची विहीर

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक मेकॅनिक आळेफाट्याहून आमच्या मळ्यात यायचे. काम झालं की हात पुसून माझं बायबल मागायचे. एक ओळ वाचून डोळे मिटायचे.

येशू विहिरीपाशी एका बाईकडं पाणी मागतो, तिथं ते अडले. "ताई, भर दुपारी ती एकटीच का आली असंल? सकाळी बाकीच्या बाया तिला येऊ देत नसत्याल."

इतकी वर्षं वाचूनही मला हे सुचलं नव्हतं.

त्या दिवशी जाताना ते आमच्या शेजारणीच्या दारात थांबले. तिला गावानं वाळीत टाकलं होतं.

"आक्का, लई तहान लागलीय," ते म्हणाले.

तिनं तांब्या पुन्हा घासून भरून आणला. मी त्या घरी कधीच पाणी मागितलं नव्हतं.