नव्या रायफलीचं चेंबर

फौजेतून हवालदार आर्मरर म्हणून निवृत्त झालो आणि सौदीत अल खर्जच्या बाहेर एका खाजगी शूटिंग रेंजवर नोकरीला लागलो. नाईक सलीम मुकादम तिथे आधीपासून होता. दापोली तालुक्यातला, इन्फंट्रीचा माणूस. रेंज सेफ्टी त्याच्याकडे, रायफली आणि दारूगोळा माझ्याकडे. आमचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

"वर्कशॉपवाल्यांनी कधी गोळी झाडलीय का, हवालदार?" तो मेसमध्ये सगळ्यांसमोर विचारायचा.

"तू झाडलीस ती रायफल कोणी चालू ठेवली?"

"कधी विचारलं नाही. चालत होती."

सराव संपला की रिकाम्या पुंगळ्या गोळा करून मी त्या पुन्हा भरत असे. बार उडाला की पितळ चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या गोळी बसायच्या जागेच्या, मापाने फुगतं. डाय म्हणजे पोलादी साचा, त्यात दाबून ते मापावर आणावं लागतं. रेंजवर तीन जुन्या रायफली होत्या, त्यांची चेंबर सैल झालेली. चौथी नवी, तिचं घट्ट. म्हणून मी माप नव्या रायफलीचं धरत असे. प्रत्येक लॉटमधले काही राउंड, म्हणजे भरलेली काडतुसं, फायरिंग पिन काढून, तिच्यात घालून बघायचे. बोल्ट जोर न लावता बंद झाला पाहिजे. अर्धवट बंद बोल्टवर राउंड उडाला तर पुंगळी माणसाच्या तोंडावर फुटते.

इकाम्याच्या, म्हणजे रहिवासी परवान्याच्या कामासाठी मी रियाधला गेलो होतो. मागे रेंजच्या मॅनेजरने डाय सैल करून एक लॉट भरून घेतला. कमी दाबलं की पितळ जास्त टिकतं, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः माजी अधिकारी.

परत आल्यावर मी तपासलं. दुसऱ्याच राउंडला बोल्ट अडला.

"सर, ये लॉट नहीं जाएगा."

त्याने जुनी रायफल उचलली. तिचा बोल्ट बंद झाला. "गया ना? कल कफील के मेहमान आ रहे हैं. खलास." कफील म्हणजे आमचा अरब मालक.

"नई में नहीं जाता, सर."

"तो तू जा. एक्झिट लगवा दूँ?" एक्झिट लागला की नोकरी संपली, कायमचं मायदेशी.

मी पेट्यांना कुलूप घातलं आणि सलीमला गाठलं. "हा लॉट नव्या रायफलीला द्यायचा नाही."

"घाबरलास?"

"हो."

तो हसला नाही. "बरं. नाही देत."

दुसरी किल्ली मॅनेजरकडे होती. सकाळी नव्या रायफलीची मॅगझिन त्याने स्वतः भरून पाहुण्याच्या हातात दिली.

अकराच्या सुमारास वॉकीटॉकीवर सलीमचा आवाज आला. "आर्मरर, लेन चार. नवीचा बोल्ट अर्ध्यात अडकलाय."

"हात लावू नको. नळी टार्गेटकडे. लेन रिकामी कर. येतोय."

मध्येच मॅनेजर. "सलीम, यल्ला! मेहमान खड़े हैं."

"साहब, आर्मरर को आने दो."

मी पोचलो तेव्हा वैतागलेला पाहुणा रायफलीची बट टेबलावर आपटत होता. सलीम मध्ये घुसला, त्याला खांद्याने ढकललं, रायफल दोन्ही हातांनी धरली. ओढाताणीत बट पुन्हा टेबलाला लागली. बार झाला. पितळेचा तुकडा सलीमच्या मानेत शिरला. पाहुण्याला ओरखडाही नाही. अँब्युलन्स यायच्या आत सलीम गेला.

"बयान में बोलना, सलीम ने गलत हैंडल किया," मॅनेजर म्हणाला. "नौकरी रहेगी."

पोलिसांसमोर मी त्या पेटीतले राउंड एकेक करून मापाच्या गेजमध्ये टाकले. पूर्ण आत जायला हवेत, ते वरच राहिले. डाय कोणी सैल केली, असं दुभाष्याने विचारलं. मी मॅनेजरकडे बोट केलं. मला महिन्याभरात एक्झिट लागला. तो अजून नोकरीत आहे असं ऐकतो. त्याला माफ करायचा माझा विचार नाही.

सलीमला तिथेच दफन केलं. मीही माती दिली. तिथे कबरीवर नाव लिहीत नाहीत, डोक्याशी नुसता दगड ठेवतात. ती त्यांची रीत आहे, तक्रार नाही. मी इथे लिहितो. नाईक सलीम मुकादम, इन्फंट्री. रेंज सेफ्टी त्याच्याकडे होती, आणि त्या दिवशी रेंजवर दुसरं कोणी मेलं नाही.