रोझीबाईंची लांब काठी

आमच्या बंदरातल्या बालकांच्या आरोग्याचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्याचे पहिले पान एका थोर साधनाला द्यावे लागेल. हे साधन विलायतेहून आले नव्हते. ती आंबे काढायची लांब काठी होती. टोकाची जाळी सोडून टाकून रोझीबाई तिने लोकांची कौले उचकटीत असत.

रोझीबाई दवाखान्यातल्या नर्स. घरोघर फिरून बाळंतिणी आणि पोरे बघणे हे त्यांचे काम. अंगात पांढरा झगा, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी, आणि आवाज असा की खाडीतले होडीवाले वळून बघत. विनयाचा त्यांना त्रास नव्हता. आपल्या कामाची स्तुती त्या दुसऱ्यावर सोपवीत नसत.

मी तेव्हा शाळामास्तर होतो आणि जुन्या मिठाच्या वखारीत राहत होतो. गलबतांचा धंदा बसल्यावर मालकाने वखारीत निम्म्या उंचीच्या भिंती घालून खोल्या पाडल्या होत्या. मिठाला खिडकी लागत नाही, म्हणून आम्हालाही नव्हती. हमाल, काथ्या कुटणारे, मासे विकणाऱ्या बाया अशी तिथली वस्ती. खोलीखोलीत चूल, चुलीत नारळाची ओलसर सोडणे, आणि भिंती वरपर्यंत नसल्यामुळे एकाचा धूर सगळ्यांचा.

एका दुपारी मी वाचत पडलो होतो. एकाएकी डोक्यावरचे कौल आपोआप सरकले आणि पानावर उजेड पडला. मी घाबरून उठलो, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "ह्या कौल तुमचा काय, मास्तरानू? माका वाटला आनंदीचा. ऱ्हवांदे आता. वाचूक उजेड होयोच मां?"

आमची ओळख झाली ती अशी.

आनंदी म्हणजे माझी शेजारीण. मासे विकायची. नवरा समुद्रात गेलेला, थोरला मुलगा दम्याने गेलेला, आणि आता मुलीची, सात-आठ वर्षांच्या शालूची, छातीही तशीच वाजत होती. भिंतीपलीकडून मला ती ऐकू येई. दार लोटून बसल्यावर फटीतून वारा शिरावा तसा आवाज. आणि तो सुरू झाला की आनंदी दार लावून घेई, फटीत गोणपाट कोंबी आणि लसणीच्या सालींची धुरी देई. थोरल्यालाही तिने अशीच धुरी दिली होती. दुसरे काही तिला कोणी सांगितलेच नव्हते.

रोझीबाईंचे पहिले वाक्य ठरलेले असे. "पयलो धूर भायर काढ, मगे माका पोर दाखय."

"चेडवाक वारो बाधता, बाय," आनंदी म्हणाली.

"मुंबयचे शेठ हयसर येतत वारो खावक, आणि तू तेच्या तोंडार दार लावतस?"

त्यांनी शालूला डॉक्टरांकडे नेले, गोळ्या आणल्या. छाती नुसती वाजू लागली की लगेच गोळी, पोर निळे पडेपर्यंत थांबायचे नाही, हे आनंदीकडून पाठ म्हणून घेतले. आनंदी गोळ्या नेमाने देई. पण बाईंची पाठ वळली की कौल पुन्हा जागेवर. पावसाळ्यात तर तिच्या बाजूने निसर्गच उभा राहिला. कौल उघडे ठेवले तर धुराच्या जागी पाणी आत येणार.

"मगे चूल पडवीत मांड," बाई म्हणाल्या. वखारीला पुढून माल उतरवायची लांबलचक पडवी होती. छप्पर होते, आणि समोर सगळा समुद्र.

आनंदी म्हणाली, "भायर चूल मांडली तर लोक टोपात बघतले. आमच्या टोपात बघूसारख्या काय आसता, बाय? पेज."

दम्याची सगळी कारणे रोझीबाईंना ठाऊक होती. हे त्यात नव्हते. त्या छत्री न घेताच बाहेर पडल्या आणि प्रत्येक दारात जाऊन ओरडल्या, "चुली भायर काढा गो सगळ्यांनी! पेज काय एकल्या आनंदीकडेच शिजता? आणि लाज वाटता तर झाकण टोपार घाला, पोरांच्या तोंडार नको!"

बाया आधी हसल्या, मग भांडल्या, मग एकीने चूल बाहेर काढली. आठवडाभरात पडवीत चुलींची रांग लागली आणि प्रत्येक टोपावर झाकण. दोन टोपांना नव्हते, तिथे बाईंनी दवाखान्यातल्या ताटल्या आणून ठेवल्या. त्यांचे पुढे काय झाले हे दवाखान्याने विचारले नाही.

शालूचा दमा गेला नाही. पण पूर्वी तो बिऱ्हाड करून राहत असे, तो आता पाहुण्यासारखा येऊन जाऊ लागला. त्या वर्षी वखारीतली पोरे पावसाळाभर शाळेत आली. ही बातमी गावातल्या प्रतिष्ठितांच्या मंडळापर्यंत पोचली, आणि हे आपणच केले असे त्यांच्या लक्षात आले.

मंडळाने आपल्या सभागृहात बालदमा निवारण केंद्राचे उद्घाटन ठरवले. बाहेरगावचे एक दानशूर गृहस्थ पाहुणे. स्वागतगीताला मी शालूला उभे केले. रोझीबाईंना मागच्या रांगेत जागा मिळाली, आणि काठी बरी दिसत नाही म्हणून ती दाराशी ठेवायला लावली. समई पेटवली तर समुद्राचा वारा ती टिकू देईना. तेव्हा सगळ्या खिडक्या लावल्या, दार लावले, आणि शोभेसाठी उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटवले.

शालूने पहिले कडवे म्हटले. दुसऱ्याच्या तोंडाशी ती अडखळली, आणि तो आवाज मला ओळखू आला. तिच्याआधी पाहुणेच खोकू लागले. त्यांच्या हातातल्या छापील भाषणाचा विषय शुद्ध हवा हा होता.

रोझीबाई उठायच्या आत बायकांतून आनंदी उठली. दाराशी गेली, काठी उचलली आणि भर सभेत वरच्या कौलाला असा दणका दिला की ते उडून बाहेर फुटले. "खिडकी उघडा रे!" ती अध्यक्षांना म्हणाली. "पयलो धूर भायर काढा, मगे भाषणा करा!"

खिडक्या उघडल्या. वारा आत आला आणि समई विझली.

"बस गो, शालू, दम खा," रोझीबाई मागून ओरडल्या. शालू बसली, तिने गोळी घेतली. श्वास बसेपर्यंत पाहुण्यांना थांबावे लागले. मग ती उठली आणि गाणे पहिल्यापासून म्हणाली. शेवटची ओळ लांबवायची असते. ती तिने इतकी लांबवली की पेटीवाल्याचा भाता आधी संपला. आनंदी काठी धरून उभीच होती, आणि रोझीबाई शेजारणीला मोठ्याने सांगत होत्या, "माझा चेडू ता! माझा!"

निवृत्त होऊन बाई आरोंद्याला बहिणीकडे गेल्या, तेव्हा काठी आनंदीला देऊन गेल्या. मंडळाने ती ऐतिहासिक वस्तू म्हणून जतन करण्याचा ठराव केला आणि काचेचे कपाट करवून घेतले. काठी त्यात मावेना. कापून ठेवावी, अशी सूचना आली. आनंदीने काठी दिली नाही. तिने टोकाला पुन्हा जाळी बांधली, आणि हंगामात शालू त्या काठीने आंबे काढते.

कपाटात सध्या समई ठेवतात. तिथे तिला वारा लागत नाही.