लॅपटॉपचा पंचनामा

धर्माजी कोणाच्याही घरी गेले तरी आधी दाराबाहेरच्या चपला बघतात, माणसांच्या तोंडाकडे नंतर. एकतीस वर्षं त्यांनी अलिबागच्या कोर्टात बेलिफाची नोकरी केली. गावोगाव समन्स घेऊन हिंडायचं, आणि दारात पोचलं की घरातली बाई ओले हात पुसत बाहेर येऊन सांगणार, "ते घरात न्हाईत." त्यांच्या चपला मात्र उंबऱ्याशी, आणि आत खोकल्याचा आवाज. इतकी वर्षं इतकं खोटं ऐकल्यावर माणूस एकतर हसरा होतो नाहीतर संशयी. धर्माजींना हसण्याची सवय आधीपासूनच कमी होती.

निवृत्तीला आठ वर्षं झाली, पण संशय काही निवृत्त झाला नाही. गॅसचं सिलिंडर ते काट्यावर ठेवून घेतात. दुधात बोट बुडवून बघतात. बायको होती तेव्हा ती म्हणायची, "तुम्ही सकाळी आरशात बघून पण विचाराल, कोण रे तू, पुरावा दाखव." ती गेल्यावर असं तोंडावर बोलणारं घरात कोणी उरलं नाही.

किहीमच्या अलीकडे नारळीच्या वाड्यांमागे त्यांची वस्ती आहे. मुलगी दीक्षा नाशिकला नर्स. तिने चार वर्षांपूर्वी आपला जुना लॅपटॉप बापाला दिला आणि वर एक कामही दिलं: वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या हकिगती लिहून काढा. धम्मदीक्षेला कोण कोण गेलं होतं, विहार कसा उभा राहिला, पहिलं मॅट्रिक कोण झालं. धर्माजींना हुरूप आला. वही घेऊन दारोदार गेले, आणि या खेपेला कोणी "घरात न्हाईत" म्हणालं नाही. सत्तेचाळीस माणसांनी सांगितलं, त्यांनी लिहिलं आणि मग एका बोटाने टाइप केलं. त्या सत्तेचाळिसांतले एकोणीस आता हयात नाहीत.

टाइप झालं की वहीचं पान चुलीत. वही कोणीही वाचतं, असं त्यांचं म्हणणं. दीक्षा फोनवर कानीकपाळी ओरडायची, "बाबा, पेन ड्राइव्हवर एक प्रत तरी काढा!" त्यावर उत्तर ठरलेलं: "दोन प्रती म्हंजे चोराला दोन दारं." म्हणजे ती एकोणीस मेलेली माणसं आता एका लॅपटॉपमधल्या एका फाइलीत राहत होती, आणि बुद्धपौर्णिमेला विहारात पुस्तक निघायचं होतं.

पौर्णिमेला तीन आठवडे राहिले आणि लॅपटॉप तापायला लागला. आधी आतला पंखा घोंघावायचा. मग बूड इतकं गरम व्हायचं की मांडीवर ठेवता येईना. मग एके दिवशी शब्द अर्धा असतानाच पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला, पाच मिनिटांत पुन्हा काळा. कळाही चिकट झाल्या होत्या. एक दाबली की तीच तीच अक्षरं ओळभर पळत सुटायची.

धर्माजींनी आरोपी ताबडतोब नक्की केला. विहार मंडळाचा सेक्रेटरी प्रज्योत. त्याने महिन्यात दोनदा विचारलं होतं, "काका, पुस्तक कुठवर आलं?" एकदा विचारतो तो सहज, दोनदा विचारतो त्याचा काहीतरी हेतू असतो. शिवाय मागच्या महिन्यात तो घरी येऊन पाणी पिऊन गेला होता, आणि पाणी आणायला धर्माजींना आत जावं लागलं होतं. तेवढ्यात काहीतरी केलं असणार. त्या दिवसापासून लॅपटॉप गोधडीत गुंडाळून तांदळाच्या पिंपात जाऊन बसला.

बाजारातल्या एका दुकानदाराने मशीन चालू केलं, बंद पडताना बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारायला लागेल. आतलं सगळं जाईल. ठेवून जा चार दिवस." धर्माजींनी लॅपटॉप त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

दीक्षाने फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अजितदादाकडे न्या. दुसऱ्या कोणाकडे न्यायचा नाही."

धर्माजींनी फोन ठेवून दिला.

अजित म्हणजे त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा, सदाचा मुलगा. अलिबागला एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुरुस्तीचं दुकान. सदाचं घर धर्माजींच्या घरापासून चार घरं सोडून, आणि दोघा भावांत एकोणीस वर्षं शब्द नाही.

झालं होतं असं. सदाच्या वाडीशेजारी कोणा बाहेरच्याने जमीन घेतली आणि वाटेवरून दावा लावला. सदाला कोर्टाचं समन्स निघालं. सदा ते चुकवत फिरत होता. त्याच सुमारास रेवदंड्याला सदाच्या मेहुणीचं लग्न होतं, आणि धर्माजीही आमंत्रणावरून गेले. पंगतीला बसले, पोटभर जेवले, उठून हात धुतले, आणि मग खिशातून समन्स काढून सगळ्या पाहुण्यांसमोर भावापुढे धरलं. म्हणाले, "इथं सही कर." बेलिफांना कामं वाटून देणाऱ्या नाझरांना सांगून ते समन्स दुसऱ्या बेलिफाकडे देता आलं असतं. धर्माजींनी तसं सांगितलं नाही. आपल्याला भाऊ आणि परका सारखाच, असं त्यांना त्या दिवशी दाखवायचं होतं. सदाने सही केली आणि म्हणाला, "भाऊ म्हणून जेवलास, बेलीफ म्हणून उठलास." पुढे दावा सदाच जिंकला, पण तोपर्यंत त्याला काही अर्थ उरला नव्हता.

त्या सदाच्या मुलाच्या हाती आता सगळी फाइल सोपवायची! सूड घ्यायला याहून सोपी संधी कुठली? एक कळ दाबली की काम तमाम. धर्माजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केप कागद घेतले, कार्बन घेतला आणि अलिबागची गाडी पकडली.

अजित छत्तिशीचा, जाड चष्म्याचा, कमी बोलणारा. काकाला बघून तो उभा राहिला, पण हसला नाही. हे धर्माजींनी टिपून घेतलं.

"उघडायचा तर माझ्यासमोर," धर्माजी म्हणाले. "आणि आधी पंचनामा व्हईल."

"करा," अजित म्हणाला.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याला पंच म्हणून आणून बसवलं. धर्माजींनी लिहायला घेतलं: काळ्या रंगाचं यंत्र, डाव्या कोपऱ्यावर ओरखडा, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. अजितने आधी चार्जर काढला, मशीन पूर्ण बंद केलं आणि मग ते हळूच पालथं घातलं. पालथं घातल्यावर तो थबकला.

बुडाला आणि बाजूला हवा जायच्या ज्या फटी असतात, त्या सगळ्यांवर कागदाच्या पट्ट्या खळीने पक्क्या चिकटवल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर अर्धी कागदावर, अर्धी यंत्रावर अशी सही, आणि खाली तारीख. जप्त केलेल्या घराच्या दाराला सील लावतात, अगदी तसं.

"काका, ही सही कोणाची?"

त्याचं असं झालं होतं की कॅमेऱ्यावर पट्टी लावा, कोणी बघू शकतं, असं दीक्षानेच कधीतरी सांगितलं होतं. एका भोकातून कोणी बघत असेल तर बाकीच्या सोळा भोकांचं काय, असा प्रश्न धर्माजींना पडला, आणि कायद्यातलं त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं.

"लिहा ना," अजित म्हणाला.

धर्माजींनी लिहिलं: हवेच्या वाटा कागदी पट्ट्यांनी बंद केलेल्या आढळल्या. पट्ट्यांवर सही आहे. इथे पेन थांबलं. पण एकतीस वर्षांत त्यांनी पंचनाम्यात खोटी ओळ लिहिली नव्हती. त्यांनी पुढे लिहिलं: सही माझी. झेरॉक्सवाल्याला हसू आवरेना, तो गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेला तो परत आलाच नाही.

अजितने पट्ट्या सोलून अकरा स्क्रू काढले, धर्माजींनी अकरा मोजले. आतून पंख्याच्या तोंडाशी राखाडी बोळा निघाला. "हे गोधडीचं सूत, पट्ट्या लावायच्या आधीचं. गोधडीवर ठेवला की तो खालून हवेबरोबर हेच ओढून घेतो. पाटावर ठेवा, टेबलावर ठेवा, मऊ जागेवर न्हाय." पंख्याचं पातं त्याने काडीने अडवून धरलं आणि हातातल्या छोट्या रबरी पंपाने फसफस हवा मारली. "मोकळा सोडून हवा मारली की पंखा भिरभिरतो आणि खराब व्हतो." मग बिजागरीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि काकाकडे बघितलं. "खोबरेल?"

"खाऱ्या हवेनं गंजतं सगळं," धर्माजी म्हणाले. "कोयता, कडी, अडकित्ता, सगळ्यांना रविवारी तेल लावतो."

"ह्याला नका लावू. ते ओघळून कळांत गेलंय, त्यावर धूळ बसलीय." कापसाच्या काडीला साफ करायचं स्पिरिट लावून त्याने एकेक कळ पुसली. पडद्याला कोरडं मऊ फडकं, आणि तेही डाग असेल तरच किंचित ओलं करायचं. पाणी फवारायचं ते फडक्यावर, पडद्यावर कधीच नाही. चिपची उष्णता बाहेर नेणारं मलम वाळलं होतं, ते खरवडून नवं लावलं. धर्माजी सगळं लिहून घेत होते, आणि लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात येत होतं की या पंचनाम्यात प्रज्योतचं नाव कुठेच येत नाही.

"दोन तास चालू ठिवतो," अजित म्हणाला. "तापतो का बघायला. तुम्ही जेवून या."

धर्माजींना जायचं नव्हतं, पण जेवून रक्तदाबाची गोळी घ्यायची होती. समोरच्या खानावळीत दुकान दिसेल असं बाकडं त्यांनी धरलं. मासळीचा काटा घशात अडकेल इतकी मान वाकडी करून ते बघत राहिले. अजित मशीनसमोर बसला होता. बराच वेळ बसला होता.

परत आल्यावर त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. थंड होता. पण फाइलींची यादी काढून बघितली. त्यांची फाइल यादीत सगळ्यात वर होती. उघडल्याची वेळ: आज, बारा पन्नास.

"तू फाइल उघडलीस."

"व्हय."

नाकबूल केलं असतं तर धर्माजींना पुढचं सगळं ठाऊक होतं. कबुलीपुढे काय करायचं, याची त्यांना सवय नव्हती.

"शाबूत हाय का बघायला उघडली," अजित म्हणाला. "मग बाबांचं नाव शोधलं. सत्तेचाळीस माणसं हायत, बाबा न्हाईत. मग वाचत गेलो. विहाराच्या पायाचा पहिला दगड एका कार्यकर्त्याने वाहून आणला. विहिरीत एक कार्यकर्ता उतरला. ते 'एक कार्यकर्ता' शोधायला टाकलं. बावीस ठिकाणी हाय." त्याने चष्मा काढून पुसला, त्याच मऊ फडक्याने. "त्या दिवशी रेवदंड्याला तुम्हाला हात धुवायला तांब्या मी दिला व्हता, काका. मला वाटलं व्हतं, पुस्तकात तरी..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि मशीन बंद करून स्क्रू बसवायला घेतले.

एकतीस वर्षं ज्या खोटेपणाची धर्माजींना चीड होती, तोच त्यांनी स्वतः केला होता, बावीस वेळा. भाऊ पानापानावर हजर, आणि यांनी दारात उभं राहून जगाला सांगितलं होतं, तो घरात नाही. त्यांना लाज वाटली. इतकी की पंचनाम्याचे कागद त्यांनी घडी करून पिशवीत तळाला घातले.

निघताना अजितने एक मऊ ब्रश, एक फडकं आणि एक पेन ड्राइव्ह दिला. "ह्यावर प्रत काढलीय, तुमच्यासमोर परत तपासा. पण ही तुमच्या घरात ठिवू नका. आग लागली, पाणी शिरलं तर दोन्ही जातील. दुसऱ्याच्या घरात ठिवा. विश्वासाच्या माणसाकडं."

गाडीत बसून धर्माजी विश्वासाच्या माणसांची नावं आठवत राहिले. किहीमचा फाटा आला तरी एकही आठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी बावीस जागा बदलल्या. लॅपटॉप पाटावर ठेवून, हात धुऊन. मग तो बगलेत मारला आणि चार घरं ओलांडून सदाच्या दारात गेले. सवयीने आधी खाली बघितलं. अंगठा शिवलेल्या चपला उंबऱ्याशीच होत्या.

सदाची बायको मैना बाहेर आली. एकोणीस वर्षांनी दीर दारात बघून तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "भावोजी, ते घरात न्हाईत."

धर्माजींनी चपलांकडे बघितलं. मैनानेही बघितलं.

"बरं," धर्माजी म्हणाले. "मी बसतो हितंच."

ओट्यावरच्या फळीवर त्यांनी लॅपटॉप ठेवला, उघडला आणि दाराकडे पाठ करून मोठ्याने वाचायला लागले. "विहाराच्या पायाचा पहिला दगड सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली माझे थोरले बंधू सदा यांनी खांद्यावरून वाहून आणला. तेव्हा त्यांचा खांदा सोलवटला होता."

त्यांनी पुढची जागा काढली. विहिरीची. मग त्याच्या पुढची.

"पंच्याऐंशी," आतून कोणीतरी म्हणालं.

धर्माजी मागे जाऊन दगडाच्या ओळीवर आले.

"चौऱ्याऐंशीला नुसता पाया खणला. दगड पंच्याऐंशीला आला. लिवतोस तर नीट लिव."

त्यांनी चार खोडून पाच केलं. मागे वळून बघतात तो सदा दारात उभा. एकाहत्तरीचा, कमरेत वाकलेला, आणि डोळ्यांत तोच संशय, जो धर्माजी रोज दाढी करताना बघत होते. मैना मागून हळूच म्हणाली, "भात झालाय. जेवूनच जावा आता."

सदाने हात आडवा धरला. "आधी खिशात काय हाय ते दाखव."

धर्माजी उठले. त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. फळीवर एक ब्रश पडला, एक फडकं पडलं, आणि पेन ड्राइव्ह.

"हे काय?"

"दुसरी प्रत हाय, दादा. सगळ्या माणसांची." धर्माजी म्हणाले. "तुझ्या घरात राहू दे."

सदाने तो तुकडा उचलला, उजेडाकडे धरून उलटासुलटा बघितला. मग विचारलं, "कुठं सही करू?"

"नको," धर्माजी म्हणाले. "सही नको."