दादाने राखलेली जागा

माझा थोरला भाऊ कोर्टातल्या जबान्यांच्या रेकॉर्डिंगची साठवण सांभाळतो. प्रत्येक जबानीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या कॉम्प्युटरांवर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक गोष्ट त्याने मला नीट समजावली होती.

"कॉम्प्युटरात कामाचे दोन थर: वरचा रेकॉर्डिंग घेतो, खालचा ते डिस्कवर लिहून ठेवतो. वरचा म्हणतो, माझी मेमरी भरली, हे लिहून घे म्हणजे मी मोकळा होतो. खालचा म्हणतो, घेतो की, पण लिहायला आधी मलाच थोडी मेमरी दे. मग बसतात दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. सगळं ठप्प!"

म्हणून खालच्या थरासाठी तो थोडी मेमरी, त्याच्या भाषेत 'जागा', कायम राखून ठेवायचा. कुणी कितीही गयावया केली तरी द्यायचा नाही. ऑफिसात त्याला 'कंजूष' म्हणत.

आठ वर्षांत एकदाच दिली. शेजारच्या टेबलावरच्या बाई एका दुपारी म्हणाल्या, "कंजूषभाऊ, नुसती पडून तर आहे ती! अर्धा तास द्या. लेकीची शाळा सुटतेय, हा अहवाल निघाला की मी पळाले."

"बरं, आजच्या दिवस," दादा हसून म्हणाला.

नेमकी तेव्हाच हॉस्पिटलातून एका बाईंची जबानी येत होती. कारखान्याच्या धुळीने छाती गेलेल्या त्या बाई, खटल्यातल्या एकट्या साक्षीदार. सगळं अडकलं. कॉम्प्युटर बंद करण्यावाचून इलाज उरला नाही, आणि मेमरीत होतं तेवढं गेलं. दोन प्रती सोडा, एकही झाली नव्हती. पुन्हा जबानी घ्यायचं ठरलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या बाई वारल्या.

साहेब म्हणाले, घरी पत्र पाठवू. दादा ऐकेना. मला म्हणाला, "तू चल बरोबर. माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

बाईंची मुलगी एकटीच घरात होती. दादाने काही लपवलं नाही. "ती जागा मीच दिली," म्हणाला.

खटल्याचं तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, "मला खोलीबाहेर बसवलं होतं. नंतर ऐकायला मिळेल म्हणाले. तुम्ही तरी ऐकलंत का हो? दम लागत होता का आईला?"

दादाने मान खाली घातली. "ताई, आम्ही ऐकत नाही. आम्ही फक्त ठेवतो."

मी रोज देवापुढे बसते तेव्हा त्या मुलीसाठी चार शब्द बोलते. दादासाठी काय मागावं, ते मला अजून सुचलेलं नाही.