चुकीच्या उच्चाराचा नमुना

"अजून एकदा ऐका," सर म्हणाले आणि त्यांनी कॅसेट मागे फिरवली. टेपरेकॉर्डरमधून माझा आवाज आला. 'शालेत पानी नाय.' वर्ग पुन्हा हसला.

पेणच्या अध्यापक विद्यालयात माझं पहिलं वर्ष. तास दृक्‌श्राव्य साधनांचा. टेप लावून मुलांना शुद्ध बोलायला कसं शिकवायचं, ते सर दाखवत होते. प्रत्येकाने पुस्तकातलं एक वाक्य वाचायचं होतं. छापलं होतं, 'शाळेत पाणी नाही.' मीही तसंच वाचलं, असं मला वाटत होतं. माझा आवाज मी तोवर बाहेरून कधी ऐकलाच नव्हता.

सर रोह्याचे. घरात तीन पिढ्यांची मास्तरकी.

"मिठागरातून थेट वर्गात आलीस का गो?"

आई मला ज्या 'गो'ने हाक मारते, तो त्यांनी थुंकल्यासारखा टाकला. आईबाप खरंच मिठागरात राबत होते. मी मान खाली घातली. माझ्या गावी, जित्याला उतरेपर्यंत गाडीत कुणाशी बोलले नाही. मग वर्गातही बोलणं बंद झालं. प्रत्येक शब्द आधी तोंडात तपासायचा, मग गिळायचा. शिकवायला निघालेली मुलगी मुकी झाली.

दुसऱ्या वर्षी तक्ते घेऊन पहिल्या वर्षाच्या वर्गावरून जात होते. आतून माझाच आवाज आला. मग हसू. सरांनी कॅसेट जपून ठेवली होती. चुकीच्या उच्चाराचा नमुना म्हणून नव्या मुलांना ऐकवत होते.

मी आत गेले. बटण दाबलं. टेप बंद.

"हा आवाज माझा हाय, सर. मला न विचारता लावायचा नाय."

'हाय' निघून गेलं, ते कळलं. दुरुस्त केलं नाही. मागे दोघंतिघं हसलीच.

सर अगदी शांतपणे म्हणाले, "माफी माग. सराव पाठाचे गुण माझ्या हातात आहेत."

"नाय मागनार."

अजून मागितलेली नाही. कॅसेट त्यांनीही दिलेली नाही. उद्या शाळेतल्या मुलांपुढे माझा शेवटचा सराव पाठ. गुण द्यायला मागच्या बाकावर तेच बसणार. नापास करतील. करोत. पुन्हा परीक्षेला बसेन. शुद्ध लिहायला, वाचायला मी मुलांना शिकवणारच, ते माझं काम आहे. पण उद्या एखादं पोर घरच्या बोलीत उत्तर देईल आणि वर्ग हसेल, तर मी पाठ तिथेच थांबवीन. हसू बंद होईपर्यंत पुढे जाणार नाही. तास संपला तरी.